प्रस्तावना : कापूस, करार आणि कास्तकार

इसवी सनाच्या पहिल्या शतकात तांबड्या समुद्रातून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंत येणाऱ्या ग्रीक व्यापाऱ्यांसाठी कोणा अज्ञात दर्यावर्द्याने जे टिपण लिहून ठेवले आणि जे ‘पेरिप्लस’ या नावाने विद्वानांना परिचित आहे, त्यात भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस आणखी दहा दिवसांच्या वाटेवर तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर, अशा दोन नगरांचा उल्लेख येतो. पैठणहून अकीकासारखे मौल्यवान दगड, आणि तगरहून जाडेभरडे कापड व तऱ्हेतऱ्हेची मलमल, गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला नेली जाते, असे तो सांगतो. आपल्या प्रांतातील सुताचा आणि परदेशी बाजाराचा संबंध इतका पुरातन आहे, हे प्रारंभीच नमूद करण्याचे कारण असे की, जागतिक व्यापार ही 1995 साली जिनिव्हाहून निघून एकाएकी आमच्या शिवारात येऊन पडलेली आपत्ती आहे अशी एक समजूत आपल्याकडे दृढ झालेली आहे, आणि व्यापार एकदा खुला झाला म्हणजे कास्तकाराचे कल्याण आपोआप होईल अशी दुसरी समजूतही तितक्याच आग्रहाने मांडली जाते. प्रस्तुत ग्रंथ या दोन्ही समजुतींची कागदोपत्री रुजुवात घालून पाहतो, आणि तीही छत्रपती संभाजीनगरच्या आसपासच्या कापूस पिकविणाऱ्या तालुक्यांत उभे राहून, म्हणूनच त्याची प्रस्तावना लिहिण्याचे काम मी आनंदाने पत्करले.

माल देशोदेशी जात होता; प्रश्न नेहमी एवढाच होता की, त्याच्या मापाचे आणि जकातीचे नियम कोणी ठरवायचे. माझ्या लहानपणी घरातील वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात ‘करोडगिरीचा नाका’ हे शब्द वारंवार येत. निजामी अमलात जकातीच्या खात्याला करोडगिरी म्हणत, आणि छत्रपती संभाजीनगर हे शहर तेव्हा औरंगाबाद सुभ्याचे ठाणे असल्यामुळे त्या खात्याचे नाव येथील व्यापाऱ्यांच्या तोंडी रोजचे होते. परंतु ही जकात किती घ्यायची, याचा अखत्यार निजाम सरकारलासुद्धा सर्वस्वी नव्हता. 1802 साली ईस्ट इंडिया कंपनीशी झालेल्या व्यापारी तहाने ती शेकडा पाचवर बांधून टाकलेली होती. आपल्या हद्दीत येणाऱ्या मालावर आपणच किती कर बसवावा याची कमाल मर्यादा दुसऱ्या पक्षाबरोबरच्या करारात लिहून द्यायची आणि पुढे परिस्थिती पालटली तरी ती पाळायची, ही आजच्या व्यापारकरारांतील मध्यवर्ती कल्पना मराठवाड्याने अशी दोनशे वर्षांपूर्वीच अनुभवलेली आहे. पुढे 1900 साली मनमाड ते सिकंदराबाद हा गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग सुरू झाला, जालना, सेलू, परभणी, नांदेड या ठाण्यांवर जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने धडधडू लागले, आणि रुईच्या गाठी मुंबईच्या गोदीकडे जाऊ लागल्या. त्याच सुमारास ब्रिटिश हिंदुस्थानात मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांच्या हट्टाखातर देशी गिरण्यांच्या कापडावर 1896 पासून साडेतीन टक्के अबकारी कर बसविला गेला, का तर विलायती कापडावरील आयात कराचा देशी गिरण्यांना अनायासे लाभ होऊ नये म्हणून. तो कर उठायला 1926 साल उजाडावे लागले. ‘स्पर्धा समान पातळीवर असावी’ हे वचन आज ऐकताना ज्याला हा इतिहास ठाऊक आहे, तो मनुष्य ती पातळी कोणत्या बाजूने मोजली आहे हे आधी विचारतो.

स्वातंत्र्योत्तर काळात हा विषय पुन्हा खेड्यापाड्यांत पोचला तो ‘डंकेल’ या एका शब्दावर स्वार होऊन. 1986 साली उरुग्वेत सुरू झालेल्या वाटाघाटींचा मसुदा गॅट या जागतिक व्यापारकराराचे महासंचालक आर्थर डंकेल यांनी डिसेंबर 1991 मध्ये पुढे ठेवला, एप्रिल 1994 मध्ये मोरोक्कोतील माराकेश येथे त्यावर सह्या झाल्या आणि 1 जानेवारी 1995 रोजी जिनिव्हा येथे जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली. त्या तीन-चार वर्षांत आपल्या चावडीवर, एस.टी.च्या थांब्यावर, साखर कारखान्यांच्या सर्वसाधारण सभांत डंकेलविषयी जितके बोलले गेले तितके कोणत्याही आंतरराष्ट्रीय दस्तऐवजाविषयी मराठीत क्वचितच बोलले गेले असेल. मात्र त्या दस्तऐवजातील शेतीविषयक कराराचे कलम उघडून वाचण्याची तसदी घेणारे थोडे होते. शेतीला दिल्या जाणाऱ्या साहाय्याची त्यात पेट्यांत विभागणी केली आहे. व्यापारावर परिणाम करीत नाही असे मानले गेलेले साहाय्य, म्हणजे संशोधन, विस्तारसेवा, उत्पादनाशी न जोडलेले थेट पैसे, हे हिरव्या पेटीत गेले व त्याला मर्यादा राहिली नाही. उत्पादन आटोक्यात ठेवण्याच्या अटीवर दिलेले निळ्या पेटीत गेले. आणि भावाला आधार देणारे, उत्पादनाला उत्तेजन देणारे सर्व साहाय्य पिवळ्या पेटीत पडून त्यावर लगाम आला. विकसनशील देशांना एखाद्या पिकाच्या एकूण उत्पादनमूल्याच्या दहा टक्क्यांपर्यंत, आणि श्रीमंत देशांना पाच टक्क्यांपर्यंत, असे साहाय्य हिशेबात न धरता देता येते. अल्पउत्पन्न व साधनहीन शेतकऱ्यांना दिलेली खत, वीज, पाणी यांवरील सवलतही विकसनशील देशांपुरती मोकळी ठेवलेली आहे, आणि आपले सरकार देशातील जवळजवळ सर्वच शेतकरी त्या वर्गात मोडतात असे कळवीत आले आहे, जे वस्तुस्थितीला धरूनच आहे.

इथवर वाचणाऱ्यास वाटेल की, दहा आणि पाच या आकड्यांत झुकते माप आपल्याच बाजूला आहे. खरी गोम त्यापुढच्या कलमात आहे. करार झाला त्या वेळी ज्या देशांत पिवळ्या पेटीतील अनुदाने भरमसाट होती, त्यांना ती काही अंशी कमी करून उरलेली एक ठोक रक्कम वर्षानुवर्षे देण्याचा हक्क बांधून मिळाला. अमेरिकेचा असा हक्क वर्षाला 1,910 कोटी डॉलर इतका आहे, आणि युरोपीय संघाचा त्याच्या कितीतरी पट. ज्या देशांनी पूर्वी काही दिलेलेच नव्हते त्यांच्या वाट्याला शून्य आले. भारत त्यांत होता. शिवाय ही ठोक रक्कम कोणत्या पिकावर खर्च करायची याला बंधन नसल्यामुळे ती एखाद्याच पिकावर, उदाहरणार्थ कापसावर, ओतता येते, आणि तेथे पाच टक्क्यांची मर्यादा आपोआप निष्प्रभ ठरते. ज्याने पूर्वी जास्त खर्च केला त्याला पुढेही जास्त खर्चाची सनद, आणि ज्याने संयम पाळला किंवा ज्याच्या तिजोरीत पैसाच नव्हता त्याच्या हाती रिकामी झोळी, असा हा न्याय आहे. ग्रंथकर्त्याने हे प्रकरण अत्यंत संयत भाषेत लिहिले आहे. माझ्याने तेवढा संयम राहिला नसता.

मापाचा विषय निघालाच आहे, तर एक प्रत्यक्ष पाहिलेले माप येथे सांगतो. गतवर्षी कार्तिकात सिल्लोड रस्त्यावरच्या एका जिनिंगच्या आवारात मी दिवसभर बसून होतो. भारतीय कपास निगमच्या ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करून, नेमून दिलेल्या दिवशी आलेल्या ट्रॅक्टरांची रांग फाटकाबाहेर गेलेली होती. ट्रॉलीवरची ताडपत्री दूर केली की प्रतवारी करणारा मनुष्य कोपरापर्यंत हात कापसात घाली, आतली एक मूठ उपसून काढी, सरकीपासून तंतू सोडवून अंगठा व तर्जनी यांमध्ये ओढून धाग्याची लांबी अजमावी, आणि मग आर्द्रतामापकाची सळई ढिगात खुपसून पडद्यावर उमटलेला आकडा मोठ्याने सांगे. आठ असेल तर पूर्ण हमीभाव, आठच्या पुढे बारापर्यंत प्रत्येक टक्क्यामागे भावात कपात, आणि बाराच्या वर गेला तर ट्रॉली परत. एका वृद्ध कास्तकाराच्या कापसाला वरच्या थरात अकरा आणि खालच्या थरात तेरा असे आकडे आले; पहाटेच्या दहिवराने तळचा माल सर्दावला होता. तो कोणाशी हुज्जत घालीत बसला नाही. आवाराबाहेरच्या मोकळ्या जागेत त्याने ताडपत्री अंथरली, सुनेला आणि नातवाला हाताशी घेऊन सगळा कापूस उन्हात पसरला, दर घटकेला तो पायाने परतला, आणि तिसऱ्या प्रहरी पुन्हा रांगेत उभा राहिला. सायंकाळी मिळालेली पावती त्याने मला दाखविली : निव्वळ वजन, आर्द्रता, प्रत, दर. त्या हंगामाचा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता. गावात दारावर येणारा खेडा खरेदीचा व्यापारी त्याहून बराच कमी देत होता, आणि एवढ्याचसाठी दिवसभराचे हे उन्ह.

आता हीच पावती जिनिव्हाच्या दफ्तरात कशी उतरते ते पाहावे. तेथील रीत अशी की, जाहीर झालेल्या हमीभावातून 1986 ते 1988 या तीन वर्षांतील सरासरी आंतरराष्ट्रीय किंमत वजा करायची, आणि येणाऱ्या फरकाला ‘पात्र उत्पादना’ने गुणायचे, तो गुणाकार म्हणजे सरकारने दिलेला भावाधार. त्या काळी डॉलरला सुमारे तेरा रुपये पडत. संदर्भाची किंमत तेव्हाची, हमीभाव आजचा, मधल्या चार दशकांची महागाई कोठेच धरायची नाही, असा हा हिशेब आहे. अतिरिक्त चलनवाढीचा यथायोग्य विचार व्हावा असे एक कलम करारात असूनही त्याचा उपयोग आजवर कोणाला झालेला नाही. भारत आपला हिशेब डॉलरमध्ये मांडतो, कारण रुपयाच्या घसरणीचा काही परिहार त्यात होतो. अमेरिकेचे म्हणणे असे की, तुम्ही मूळ तक्ते रुपयात दिले होते, तेव्हा आताही रुपयातच द्या.

परंतु सर्वांत मोठा वाद ‘पात्र उत्पादन’ या दोन शब्दांवर आहे. भारत म्हणतो की, भारतीय कपास निगमने प्रत्यक्ष जेवढा कापूस विकत घेतला तेवढाच पात्र. अमेरिका म्हणते की, हमीभाव सर्वांना खुला आहे, म्हणून देशात पिकलेला सगळाच कापूस पात्र, आणि याच रीतीने गणित करून तिने नोव्हेंबर 2018 मध्ये भारताच्या कापसाविषयी संघटनेपुढे प्रतिनिवेदन दाखल केले, ज्यात आपला भावाधार दहा टक्क्यांच्या मर्यादेच्या कितीतरी पट दाखविला गेला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात गहू व तांदूळ यांबद्दलही तिने असेच केले होते. अमेरिकेच्या बाजूने एक जुना निवाडा आहे हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे : कोरियाच्या गोमांस-प्रकरणात अपील मंडळाने प्रत्यक्ष खरेदीपेक्षा खरेदीस पात्र असलेले उत्पादन ग्राह्य मानले होते. तथापि कायदा बाजूला ठेवून जमिनीवर काय घडते ते पाहिले तर 2021–22 च्या हंगामाचे उदाहरण बोलके आहे. त्या वर्षी लांब धाग्याचा हमीभाव 6,025 रुपये होता, आणि बाजारात कापूस दहा हजारांच्या वर गेला. हमीभावाने निगमकडे कापूस घालायला कोणी गेलेच नाही. सरकारचा पै-पैसा खर्च झाला नाही, एक बोंडही त्या भावाने विकले गेले नाही, तरी अमेरिकेच्या रीतीने गणित केले तर त्या वर्षी भारताने देशातील सगळ्या कापूस उत्पादकांना प्रचंड अनुदान दिले असे सिद्ध होते. जो पैसा कोणाच्या हातातून निघाला नाही आणि कोणाच्या हातात पडला नाही, तो ज्या वहीत खर्ची पडतो, त्या वहीची पद्धत सदोष आहे असे म्हणायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

वाचकाने येथे हेही ध्यानी घ्यावे की, डिसेंबर 2013 मध्ये बाली येथे अन्नधान्याच्या सरकारी साठ्यांना जे अभय मिळाले, आणि ज्याचा आधार भारताने पुढे तांदळासाठी घेतला, त्याची छाया कापसावर पडत नाही. ते अभय परंपरागत अन्नपिकांपुरते आहे. मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकऱ्याचे नगदी पीक उघड्यावरच आहे.

अमेरिकेच्या कापसाची कथा ग्रंथात विस्ताराने आलेली असल्यामुळे मी तिची रूपरेषाच देतो. कापूस पिकविणारे तेथे सुमारे पंचवीस हजार; त्यांना सरकारकडून मिळणाऱ्या साहाय्यामुळे जगातील भाव दडपले जातात, अशी फिर्याद ब्राझीलने 2002 साली दाखल केली, आणि भारत त्या खटल्यात तृतीय पक्ष म्हणून उपस्थित होता. 2004 साली पंचमंडळाने आणि 2005 साली अपील मंडळाने ब्राझीलची बाजू मान्य केली. अमेरिकेने 2006 साली एक योजना रद्द केली, बाकीच्या चालू ठेवल्या. ब्राझीलला प्रतिकाराचे हक्क मंजूर झाले तेव्हा 2010 पासून अमेरिकेने ब्राझीलच्या कापूस उत्पादकांच्या संस्थेला वर्षाला 14.73 कोटी डॉलर देऊ केले, आणि शेवटी ऑक्टोबर 2014 मध्ये तीस कोटी डॉलर एकरकमी देऊन प्रकरण मिटविले. आपल्या शेतकऱ्यांची अनुदाने चालू ठेवता यावीत म्हणून दुसऱ्या देशाच्या शेतकऱ्यांना पैसे देण्याची ऐपत ज्या राष्ट्रापाशी आहे, त्याच्याशी आपली गाठ आहे. आणि बेनिन, बुर्किना फासो, चाड व माली या चार आफ्रिकी देशांनी 2003 साली हीच तक्रार खटल्याऐवजी विनंतीच्या रूपाने मांडली होती. त्यांच्या पदरात ठरावांपलीकडे फारसे काही पडले नाही. निर्यात अनुदाने 2015 च्या नैरोबी परिषदेत बंद करण्याचे ठरले ही जमेची बाजू. देशांतर्गत अनुदानांचा प्रश्न होता तेथेच आहे. 2019 च्या डिसेंबरपासून तर अपील मंडळच न्यायाधीशांवाचून बंद पडलेले असून, ज्याच्याविरुद्ध निर्णय जातो तो त्या रिकाम्या दरबारात अपील टाकून मोकळा होतो. साखरेच्या अनुदानाविषयी डिसेंबर 2021 मध्ये पंचमंडळाचा निर्णय आपल्याविरुद्ध गेला तेव्हा भारतानेही हेच केले.

येथे माझा ग्रंथकर्त्याशी थोडा मतभेद आहे. त्यांनी दोषाचा मोठा वाटा परदेशाच्या पदरात घातला आहे, आणि तो वाटा खरा आहे. पण आपल्या घरचा वाटा त्यांनी ज्या घाईने आटोपला, ती घाई मला पटत नाही. शरद जोशी स्वित्झर्लंडमधील बर्नच्या आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेतील नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणच्या कोरडवाहू जमिनीत येऊन बसले, आणि त्यांनी ‘उणे सबसिडी’ हा शब्द मराठी शेतकऱ्याच्या तोंडी रुजविला. सबसिडी म्हणून सरकार एका हाताने जे देते त्याहून अधिक ते भाव पाडून दुसऱ्या हाताने काढून घेते, हे त्यांचे प्रतिपादन पुष्कळांना अतिशयोक्त वाटे. परंतु भारत सरकारने स्वतः गॅटला सादर केलेल्या तक्त्यांत 1986–88 सालचा पिकनिहाय भावाधार उणे 24,442 कोटी रुपये असा नोंदला गेला, तेव्हा त्यावर खुद्द सरकारचीच मोहोर उमटली. बहुतेक पुढारी डंकेलच्या नावाने बोटे मोडीत असताना जोशींनी त्या प्रस्तावाचे स्वागत केले, ते याच जमाखर्चाच्या आधारावर. त्यांची सगळी मते मला मान्य नाहीत. तो आकडाही तेव्हाच्या विनिमयदरावर आणि तेव्हाच्या जागतिक किमतींवर टेकलेला होता. पण देण्याबरोबर घेण्याचाही हिशेब मांडा, ही त्यांची मागणी या विषयाच्या मुळाशी आहे, आणि ती टाळून लिहिलेला कोणताही ग्रंथ अपुरा राहतो.

महाराष्ट्राची एकाधिकार कापूस खरेदी योजना आठवावी. 1972 पासून सुमारे तीन दशके या राज्यातील कास्तकाराने आपला कापूस सरकारी यंत्रणेलाच घालावा असा कायदा होता. परराज्यात नेणे हा गुन्हा होता. किनवटच्या शेतकऱ्याला आदिलाबादचा बाजार जवळ असूनही तेथे गाडी नेता येत नव्हती, मग तेथे भाव कितीही चढलेला असो. चुकाऱ्यासाठी थांबणे, हप्त्यांची वाट पाहणे, ग्रेडरच्या एका शब्दावर वर्षाची कमाई वरखाली होणे, हे त्या पिढीने सोसले. आणि ज्या वर्षी बाजार कोसळला त्या वर्षी याच योजनेने तिला तारले, हेही तितकेच खरे. केंद्राचे उदाहरण घ्यायचे तर, आपल्याच जिल्ह्यातील वैजापूर, लासूर स्टेशन या बाजारांत कांदा घालणाऱ्याने 8 डिसेंबर 2023 रोजी निर्यातबंदीचा हुकूम ऐकला आणि तो मे 2024 पर्यंत सोसला. आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये, अमेरिकेने आपल्या मालावर पन्नास टक्के कर बसविला त्याच महिन्यात, कापसावरील अकरा टक्के आयात शुल्क आपल्या सरकारने 19 तारखेपासून माफ केले आणि ती माफी पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढविली. वेचणीचा हंगाम नेमका त्या मुदतीत पडला. कापडगिरण्यांची अडचण खरी होती यात शंका नाही. पण परदेशातील अनुदानित रुई विनाशुल्क आत येऊ देण्याची जबरदस्ती जिनिव्हाच्या कोणत्याही कलमाने आपल्यावर केलेली नव्हती; तो निर्णय दिल्लीचा होता.

आणखी एक उणीव नोंदवितो. अनुदानाच्या तक्त्यांत, पंचमंडळांच्या निवाड्यांत, आणि या ग्रंथाच्या परिशिष्टांतही जिचा कोठे पत्ता लागत नाही ती वेचणारी बाई होय. फुलंब्री-सिल्लोड पट्ट्यात कापूस वेचणे हे बायकांचे काम. कमरेला ओटी बांधून, बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी बोटे सोलवटत, किलोवर मजुरी घेऊन ती दिवसभर वाकलेली असते. भाव पडला की मालक पहिली काटछाट तिच्या मजुरीत करतो, कारण खताच्या दुकानदाराशी आणि बियाण्याच्या पाकिटाशी घासाघीस करता येत नाही. दुसऱ्या आवृत्तीत ग्रंथकर्त्यांनी तिच्यासाठी एक स्वतंत्र प्रकरण अवश्य लिहावे, अशी माझी त्यांना विनंती आहे.

ग्रंथ कोणत्या क्रमाने वाचावा हे सांगण्याचा अधिकार प्रस्तावनाकाराला कितपत असतो, मला ठाऊक नाही. तरी ज्याच्या घरी गेल्या हंगामाची कापसाच्या विक्रीची पावती जपून ठेवलेली असेल, त्याने ती समोर घेऊन आधी ‘पात्र उत्पादन’ हे पाचवे प्रकरण उघडावे, तेथील तक्त्यात आपले वजन आणि आपला दर स्वतःच्या हाताने मांडून पाहावा, आणि मग पहिल्या पानावर यावे.

छत्रपती संभाजीनगर